परक्या शेतातली हक्काची वाट

मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर इंग्लंडला गेलेल्या मंडळींचा पहिला महिना लंडन बघण्यात जातो, दुसरा नातवंडांत. मग कधीतरी "जरा खेडेगावाकडे जाऊ या, नदीकाठी चालू या" असा बेत ठरतो आणि पहिल्याच फाटकाशी अडतो. नकाशातली हिरवी तुटक रेघ सरळ कुणाच्या तरी गव्हाच्या शेतात शिरलेली असते. पुढे गाई चरत असतात. त्यापलीकडे वाट चक्क एका घराच्या परसातून गेलेली दिसते. "अरे, असं कसं जायचं आत? मालक ओरडला तर?" वडील विचारतात. मुलगा दहा वर्षं रेडिंगला राहतो, पण खात्रीचं उत्तर त्यालाही देता येत नाही.

उत्तर आहे. जाता येतं, आणि तेही मालकाला न विचारता. फक्त हा हक्क कशाचा आहे आणि कशाचा नाही, हे निघण्यापूर्वी समजून घ्या. बाकीच्या बहुतेक शंका त्यातच सुटतात.

हक्क वाटेचा, शेताचा नाही

इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरच्या सार्वजनिक वाटा आहेत. त्यातल्या बहुतेक खासगी जमिनीतून जातात. चर्चला, गिरणीला, बाजाराला जाणाऱ्या लोकांच्या पायांनी पडलेल्या या वाटा १९४९ च्या कायद्याने रीतसर नोंदवायला घेतल्या. त्यांचा अधिकृत नकाशा प्रत्येक भागातल्या काउंटी कौन्सिलकडे (साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था) असतो. एकदा वाट त्या नकाशावर चढली की कायद्याच्या दृष्टीने ती रस्त्याइतकीच सार्वजनिक. शेत विकलं गेलं, मालक बदलला, तरी वाट तिथेच राहते.

आपल्याकडे पाणंद किंवा शिवरस्ता अडवला म्हणून शेतकरी तहसीलदाराकडे जातो, महसूल संहितेचं कलम १४३ काढतो. तो झगडा शेतापर्यंत बैलगाडी किंवा ट्रॅक्टर नेण्यासाठी असतो. इथली वाट मात्र केवळ फिरायला आलेल्या माणसालाही तितकीच खुली असते. तो माणूस इंग्रज असावा, करदाता असावा किंवा त्या गावचा असावा, अशी अट नाही. व्हिजिटर व्हिसावरच्या आजींना आणि शेजारच्या बंगल्यातल्या साहेबांना हक्क सारखाच.

मात्र हा हक्क येण्याजाण्याचा आहे. वाटेवर दम खाता येतो, फोटो काढता येतो, बसून दोन घास खाता येतात. सोबत कुत्रा किंवा बाबागाडी नेता येते (फाटकं-पायऱ्यांवरून ती उचलायची तयारी हवी, एवढंच). पण वाट सोडून शेताच्या मध्यावर सतरंजी अंथरली, की तुम्ही दुसऱ्याच्या जमिनीत विनापरवाना शिरलेले ठरता. नदीचंही तसंच. काठावरची वाट सार्वजनिक असली म्हणून नदी सार्वजनिक होत नाही. लहान नद्यांत मासे धरण्याचे हक्क बहुधा खासगी असतात आणि पोहण्याचा हक्कही गृहीत धरता येत नाही. पाणी कितीही नितळ दिसलं तरी नातवाला डुंबायला सोडण्याआधी हे लक्षात ठेवा.

स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि पुष्कळ सैल आहे. तिथे २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरायची मुभा आहे. इथली सगळी माहिती इंग्लंडपुरती समजा.

बाण आणि रेघा ओळखा

वाटेच्या खांबांवर, फाटकांवर तळहाताएवढ्या चकत्या ठोकलेल्या असतात आणि त्यांवर बाण. रंगाला अर्थ आहे:

- पिवळा बाण: फुटपाथ, म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. इथे सायकल चालवायची नाही.
- निळा बाण: ब्रायडलवे. पायी, घोड्यावरून किंवा सायकलवरून जाता येतं. घोडा दिसला की कडेला उभं राहून त्याला जाऊ द्या.
- जांभळा आणि लाल: या रुंद जुन्या गाडीवाटा. लाल बाणाच्या वाटेवर मोटारीही येऊ शकतात.

चकतीवर 'परमिसिव्ह' असा शब्द असला, तर ती मालकाने आपणहून दिलेली सवलत समजा. ती तो काढूनही घेऊ शकतो.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा घ्या, आणि त्यातही 'एक्स्प्लोरर' मालिकेतला. त्याचं प्रमाण १:२५,००० आहे, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. शेताचं प्रत्येक कुंपण त्यात दिसतं, आणि वाट कुंपणाच्या अलीकडून आहे की पलीकडून, हे नेमकं तिथेच कळतं. हिरव्या छोट्या तुटक रेषा म्हणजे फुटपाथ, लांब तुटक रेषा म्हणजे ब्रायडलवे. काळी तुटक रेघ दिसली तर फसू नका. तिथे जमिनीवर पायवाट आहे एवढंच ती सांगते. त्या वाटेवर हक्क आहे असं नाही.

गूगल मॅप गावापर्यंत पोहोचायला ठीक. शेतातल्या वाटा त्याला पुरत्या ठाऊक नसतात आणि तो तुम्हाला खुशाल कुणाच्या खासगी फाट्यावर नेऊन उभं करतो. ऑर्डनन्स सर्व्हेचं अ‍ॅप वापरत असाल तर नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या. खोऱ्यात फोनची रेंज केव्हा जाईल, सांगता येत नाही.

सुरुवातीला एक सोपी वाट: बर्फर्ड ते स्विनब्रुक

पहिल्यांदा निघणाऱ्यांनी लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर धरू नयेत. ऑक्सफर्डच्या पश्चिमेला विंडरश नावाची एक शांत नदी आहे. कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत उगम पावून ती न्यूब्रिजजवळ थेम्सला मिळते. वाटेत विटनी लागतं. तिथली ब्लँकेटं एकेकाळी जगभर जात, आणि त्यासाठीची लोकर धुण्या-पिटण्याचं काम याच पाण्यावर चाले. या खोऱ्यात बर्फर्डपासून स्विनब्रुकपर्यंतची वाट एका अंगाने साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. चढ जवळपास नाही. सत्तरीच्या माणसानेही न बिचकता जावं अशी ही वाट आहे.

बर्फर्डला घाईने मागे टाकू नका. मुख्य रस्ता उतरत उतरत नदीवरच्या जुन्या दगडी पुलाशी जातो आणि त्याच्या खालच्या अंगाला सेंट जॉन द बाप्टिस्टचं चर्च आहे. मे १६४९ मध्ये, इंग्लंडच्या राजाचं मुंडकं उडाल्यानंतर चार महिन्यांच्या आत, क्रॉमवेलच्या सैन्यातले बंड करून उठलेले तीनशेच्या वर शिपाई या चर्चमध्ये कोंडले होते. 'लेव्हलर' म्हणत त्यांना. सामान्य माणसाला मताचा हक्क हवा, हे त्यांचं एक मागणं होतं. १७ मे रोजी त्यांच्यातल्या तिघांना बाहेर काढून गोळ्या घातल्या. आत दगडी बाप्तिस्मा-पात्राच्या शिशाच्या अस्तरावर त्या कैद्यांपैकी अँथनी सेडली याने आपलं नाव कोरून ठेवलंय: नाव, १६४९ हे साल आणि 'कैदी' हा शब्द, तोही चुकीच्या स्पेलिंगने. पात्राच्या कडेशी वाकून बघितल्याशिवाय ते दिसत नाही. बाहेरच्या अंगणात लोकरीच्या व्यापाऱ्यांची थडगी आहेत. त्यांचे गोल माथे लोकरीच्या गाठोड्यांसारखे घडवले आहेत, असं म्हणतात.

गावातून पूर्वेकडे विटनी स्ट्रीटने निघा. घरं संपल्यावर थोडं रस्त्याने चालावं लागतं. पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बेताने, एकामागे एक चाला. मग डावीकडे पिवळा बाण आणि फाटक लागतं, आणि तुम्ही नदीकाठच्या कुरणात येता. पुढे एका अरुंद रस्त्याने पूल ओलांडला की विडफर्ड.

विडफर्ड म्हणजे आता फार थोडी घरं आणि माळावर एकटं उभं असलेलं सेंट ऑस्वल्डचं इवलंसं चर्च. इथलं जुनं गाव केव्हाच उठून गेलं. गवताखाली उंचवटे आणि खळगे दिसतात, त्या त्याच्या खुणा. चर्चच्या जमिनीखाली रोमन काळातली रंगीत फरसबंदी सापडली होती आणि ती पुन्हा झाकून ठेवली आहे. भिंतीवर चौदाव्या शतकातली चित्रं आहेत, बरीचशी पुसट. या वाटेवर एकाच ठिकाणी बसायचं असेल, तर ते हे.

तिथून शेतातल्या वाटेने स्विनब्रुक जवळच. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये फेटिप्लेस घराण्याची सतराव्या शतकातली स्मारकं आहेत. चिलखतातले तीन पुरुष एकावर एक फळ्यांवर, कोपरावर डोकं टेकून आडवे झालेले, आणि शेजारी तसेच आणखी तीन. आपल्याकडच्या थ्री-टियरच्या डब्यात दुपारी कंटाळून पडलेल्या प्रवाशांची आठवण यावी, इतके ते निवांत दिसतात. बाहेरच्या दफनभूमीत लेखिका नॅन्सी मिटफर्ड आणि तिच्या काही बहिणी आहेत. त्यांच्यातली युनिटी हिटलरच्या भजनी लागली होती. हे कुटुंब १९१९ ते १९२६ या काळात शेजारच्या अ‍ॅस्टॉलच्या वाड्यात राहत होतं. पायांत बळ असेल तर नदी ओलांडून अ‍ॅस्टॉल बघून या. जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर वाढतील. नाहीतर आल्या वाटेने परत.

वेळेचा हिशेब ढिला ठेवा. सपाट रस्त्यावर ताशी चार किलोमीटर चालणारा माणूस इथे तीनच चालतो, कारण फाटकं, चिखल आणि दर कुंपणाशी होणाऱ्या गप्पा. तिन्ही चर्च आणि जेवण धरून पाच तास हाताशी असू द्या.

केव्हा निघावं, काय घालावं

मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सुखाचा. जूनमध्ये रात्री सव्वानऊलाही उजेड असतो. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि हिवाळ्यात विंडरशचं पाणी कुरणांत पसरतं. वाट असते, पण पाण्याखाली. आठवडाभर पाऊस झाला असेल तर आदल्या दिवशी सरकारच्या संकेतस्थळावर पुराचा इशारा बघून घ्या.

लंडनहून पॅडिंग्टन ते ऑक्सफर्ड रेल्वेने साधारण तास लागतो. तिथून विटनी-बर्फर्डमार्गे चेल्टनहॅमकडे जाणारी बस आहे. ती बर्फर्डच्या वरच्या अंगाला, हमरस्त्यापाशी थांबते. गावात उतरताना मजा वाटते, परतताना तोच चढ असतो. रविवारी फेऱ्या कमी होतात. म्हणून जातानाच परतीच्या शेवटच्या बसची वेळ लिहून घ्या आणि तिच्या आधीची बस धरायचा बेत करा. ज्येष्ठांचा मोफत बसपास इंग्लंडमध्ये कायम राहणाऱ्यांसाठी आहे, पाहुण्यांना तो मिळत नाही.

पायांत घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट हवेत. चिखल उन्हाळ्यातही असतो, विशेषतः फाटकांपाशी, जिथे गुरं घोळका करून उभी राहतात. पाय पूर्ण झाकणारे कपडे घाला, कारण वाटेच्या दोन्ही कडांना 'नेटल' नावाची खाजरी झुडपं माजलेली असतात. उघड्या पोटरीला पान नुसतं घासलं तरी तासभर आग होते. गवतात गोचीड असतात, घरी आल्यावर पाय तपासा.

'स्टाइल' म्हणजे कुंपण ओलांडायच्या लाकडी किंवा दगडी पायऱ्या. त्या अरुंद असतात आणि ओल्या असल्या की घसरड्या. गुडघे कुरकुरत असतील तर आधी नकाशावर किंवा कौन्सिलच्या माहितीत स्टाइल नसलेली वाट शोधा. साडी नेसून स्टाइल ओलांडणाऱ्या आजीही आहेत. त्यांना मानलं पाहिजे, पण सलवार किंवा पँट बरी. दुसरा प्रकार 'किसिंग गेट'चा. अर्धगोल कुंपणात झुलणारं हे दार एका वेळी एकालाच सोडतं. पाठीवरची पिशवी मोठी असेल तर ती आधी पुढे द्या.

फाटकांचा नियम एकच: जसं सापडलं तसं सोडा. बंद होतं तर बंद करा, उघडं होतं तर उघडंच ठेवा. उघडं फाटक सौजन्य म्हणून लावलंत आणि पलीकडच्या मेंढ्यांचा पाण्याकडे जाण्याचा रस्ता बंद झाला, तर शेतकऱ्याचे शब्द ऐकण्यासारखे नसतील.

गाई आणि वळू

गावाकडे वाढलेल्या माणसाला गाईची भीती वाटत नाही, आणि इथे नेमका तिथेच घोटाळा होतो. आपल्या दावणीची गाय माणसाच्या हाताखालची असते. इथल्या कुरणातला कळप मोकळा असतो, आणि वासरं सोबत असली की गाई फार सावध असतात. इंग्लंडमध्ये गाईंनी तुडवल्याने चालणाऱ्यांचे जीव गेले आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच घटनांत माणसासोबत कुत्रा होता.

- गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका. कळप वाटेवरच बसला असेल तर लांबून वळसा घ्या. सुरक्षिततेसाठी वाट थोडी सोडली तर ते समजण्यासारखं आहे.
- पाया पडायला किंवा चारा भरवायला जवळ जाऊ नका.
- तरुण कालवडी कुतूहलाने मागे मागे येतात. पळू नका. वळून उभे राहा, हात पसरा आणि शांतपणे चालत राहा.
- कुत्रा साखळीवर धरा. पण गाई अंगावर आल्या तर साखळी सोडून द्या. कुत्रा पळून वाचतो, गाईंचं लक्ष त्याच्यावर असतं.

वळूंबाबत कायदा चमत्कारिक आहे. १९८१ च्या कायद्याप्रमाणे जर्सी, होल्स्टीन, फ्रीजियन अशा दुभत्या जातींचा दहा महिन्यांवरचा वळू सार्वजनिक वाटेच्या शेतात मोकळा सोडता येत नाही. मांसासाठी पाळलेल्या जातींचा वळू मात्र गाई किंवा कालवडी सोबत असतील तर चालतो. फाटकाशी उभं राहून वळूची जात ओळखणं सगळ्यांच्या आवाक्यातलं नाही. शंका आली तर दुसरी वाट धरा. त्या दिवशी हक्क बजावला नाही म्हणून काही बिघडत नाही.

खाणंपिणं आणि दुखापत

वाटेवर टपरी नाही, नळ नाही, स्वच्छतागृह नाही. बर्फर्डलाच सगळं उरकून घ्या. स्विनब्रुक आणि अ‍ॅस्टॉल दोन्हीकडे पब आहेत. पब म्हणजे दारूचा गुत्ता हे मनातून काढून टाका. दुपारी तिथे आजोबा-नातवंडं जेवत असतात. बरेच पब दुपारी अडीचच्या सुमाराला स्वयंपाकघर बंद करतात, ते संध्याकाळीच उघडतात, तेव्हा आधी फोन करून विचारा. शाकाहारी पदार्थांपुढे बहुधा 'व्ही' लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकाने मागितल्यास साधं पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागतं, ही परवान्याचीच अट आहे. चिखलाचे बूट दाराशी काढू का, असं विचारलंत तर चेहरे खुलतील. घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र पबच्या बागेत सोडू नका. ती विडफर्डच्या माळाशी, वाटेच्या कडेला.

अपघात झाला तर ९९९ किंवा ११२. पाहुण्यांना सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातला प्राथमिक उपचार मोफत असतो. पुढे दाखल करून घ्यावं लागलं तर मात्र बिल येतं आणि ते जबर असतं. प्रवास विम्याचा क्रमांक खिशात ठेवा, नुसता मुलाच्या ईमेलमध्ये नको.

वाट अडली किंवा कुणी अडवलं तर

शेत नांगरलेलं आहे आणि वाट दिसतच नाही, हा प्रकार वारंवार होतो. मधून जाणारी वाट नांगरायची मालकाला मुभा आहे, पण १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. त्याच पिकासाठी नंतर परत उकरली तर २४ तासांत. अशी वाट निदान एक मीटर रुंद हवी आणि तिच्यावर पीक उगवू द्यायचं नाही. शेताच्या कडेने जाणारी वाट तर नांगरताच येत नाही. म्हणजे उभ्या गव्हातून नकाशातली वाट जात असेल, तर तुम्ही त्याच रेषेवरून, एकामागे एक चालू शकता. संकोचून कडेकडेने गेलात तर उलट हक्काची जागा सोडून परक्या जागेत गेलात, असं कायदा म्हणेल.

तार, ढिगारा किंवा कुलूप लावलेलं फाटक आडवं आलं, तर पुढे जाण्यापुरतं बाजूला सारता येतं किंवा जवळून वळसा घेता येतो. मोडतोड करत सुटायचं नाही.

'आत शिराल तर खटला भरू' अशा पाट्या दिसतात. साध्या शेतात नुसतं वाट चुकून शिरणं हा तिथे सहसा फौजदारी गुन्हा नाही, मालक-पाहुण्यातली दिवाणी बाब आहे. पिकाची नासधूस केली तर गोष्ट वेगळी. रेल्वेचे रूळ आणि लष्करी जागा यांच्याबाबतीत मात्र ती पाटी खरी समजा. सार्वजनिक वाटेवर लोकांना बिचकवण्यासाठी खोटी पाटी लावणं हा मालकाचाच गुन्हा ठरतो.

कुणी हटकलं तर आवाज चढवू नका. नकाशा दाखवा आणि "फुटपाथ इथूनच आहे ना?" एवढं विचारा. दहातल्या नऊ वेळा समोरचा माणूस हात करून फाटक दाखवतो. वाट तुमचीच चुकली असेल तर माफी मागून जवळच्या मार्गाने बाहेर पडा. वाट बरोबर असूनही तो ऐकत नसेल तर वाद तिथे घालण्यात अर्थ नाही. मागे फिरा आणि काउंटी कौन्सिलला कळवा. या खोऱ्यासाठी ती ऑक्सफर्डशर काउंटी कौन्सिल. वाटा खुल्या ठेवणं हे त्यांचं कायद्याने ठरलेलं काम आहे. त्यांच्या संकेतस्थळावर यासाठी स्वतंत्र जागा असते. नकाशावरची नेमकी जागा, तारीख, अडथळा कसला आहे ते दोन ओळींत, आणि एक फोटो, एवढं पुरतं. फोटोत अडथळ्यासोबत पिवळ्या बाणाचा खांबही आला तर जागा शोधायला त्यांना सोपं जातं.